गादी सरकली म्हणजे ऑपरेशनच का?

प्रश्न : मी हिरकणीवाडीची. वय ४८. रायगडावर येणाऱ्या लोकांना ताक, सरबत, पिठलं-भाकरी विकते. पावसात लावणी असतेच. कंबर दोन-तीन वर्षांपासून धरते. पण यंदा गणपतीत पाण्याचा हंडा उचलताना चमक भरली आणि तेव्हापासून डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जाते, अंगठ्याला मुंग्या येतात. एमआरआय काढला. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकून शीर दबलीय असं त्यात आलं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. महाडचे म्हणाले, थांबा, गोळ्या-व्यायामाने जाईल. घरात कुणी म्हणतं, मणक्याचं ऑपरेशन केलेला माणूस पुन्हा उठत नाही. कुणी म्हणतं, पायाळू माणसाची लाथ मारून घे. आता दिवाळी आली. कळ थोडी कमी आहे, पण गेलेली नाही. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, हिरकणीवाडी, ता. महाड

उत्तर : ताई, तुम्ही एका पत्रात दोन दुखणी लिहिली आहेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. कंबर धरते हे एक. कुल्ल्यातून अंगठ्यापर्यंत जाणारी कळ हे दुसरं. सरकलेल्या गादीचं ऑपरेशन हे या दुसऱ्यासाठी, म्हणजे पायासाठी असतं. शिरेवर बसलेला गादीचा तुकडा काढला की पायातली कळ बहुतेकांची लवकर उतरते. जुनी कंबरदुखी मात्र त्याने जाईलच असं कुठलाही प्रामाणिक सर्जन सांगणार नाही. कमरेवर उपाय म्हणून हे ऑपरेशन करून घेणारे लोक नंतर सर्वांत नाराज असतात, आणि गावात ‘ऑपरेशन फसलं’ अशी ज्यांची चर्चा होते त्यातले बरेच हेच असतात.

म्हणून आधी पायाकडे बघू. भिंतीला हात टेकवून टाचांवर पाच-सहा पावलं चाला, मग चवड्यांवर चाला. दोन्ही पाय सारखेच उचलले जातायत का? डावा अंगठा वर उचलून धरला आणि दुसऱ्या कुणी बोटाने खाली दाबला, तर तो उजव्यासारखाच टिकतो का? चालताना डाव्या पायातली चप्पल आपोआप निसटते का? पायरीला पंजा अडतो का? चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी ज्या शिरेवर येते, ती शीर अंगठा आणि पाऊल वर उचलायचं काम करते. मुंग्या आणि कळ त्रास देतात, पण त्यांना वेळ देता येतो. ताकद जायला लागली, आणि तीही आठवड्यागणिक जास्त, तर थांबण्यात अर्थ नाही. सर्जनला लगेच दाखवायचं.

आणखी एक गोष्ट, इथे वाट बघणं म्हणजे कायमचं नुकसान. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर रात्र असो की घाटात दरड कोसळलेली असो, १०८ नंबरची गाडी बोलवा. तिथे तासांचा हिशेब असतो. संध्याकाळचा ताप, उतरत जाणारं वजन आणि झोपेतून उठवणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षय नाही ना, हे आधी तपासायला हवं. तो आपल्याकडे अजून दिसतो आणि बहुतेकांचा औषधांनीच बरा होतो. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, म्हणून पुढे जाऊ.

तुमचे दोन डॉक्टर वेगवेगळं बोलले म्हणजे एक खोटा आहे असं नाही. हा प्रश्न जगभर याच दोन बाजूंनी लढवला गेला आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००७ साली अशा २८३ रुग्णांचा निकाल छापला. त्या सगळ्यांच्या पायातली कळ दीड ते तीन महिन्यांची होती, अगदी तुमच्यासारखी. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन करायचं आणि निम्म्यांना औषधं-व्यायामावर ठेवून वाट बघायची, असं चिठ्ठ्या टाकल्यागत ठरवलं. ऑपरेशनवाले साधारण महिन्यात सावरले, थांबलेल्यांना तीन महिने लागले. वर्षानंतर मोजलं तेव्हा दोन्हीकडे शंभरातले सुमारे ९५ बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी शंभरातल्या ३९ जणांनी मध्येच कंटाळून किंवा सोसवेना म्हणून ऑपरेशन करून घेतलंच. नॉर्वेत १९८३ साली छापलेल्या एका जुन्या अभ्यासात रुग्णांचा दहा वर्षं माग ठेवला होता. पहिल्या वर्षी ऑपरेशनवाले पुढे, दहाव्या वर्षी दोघे सारखेच.

म्हणजे पुण्याचे डॉक्टर तुम्हाला लवकर मोकळं करू बघतायत आणि महाडचे सुरीपासून वाचवू बघतायत. ताकद शाबूत असेल तर दोन्ही रस्ते बरोबर आहेत. निवड तुमची आहे, आणि ती कळ किती सोसवते, झोप लागते का, धंदा किती दिवस बंद ठेवता येईल यावर करायची असते.

थांबल्याने नेमकं काय होतं, हेही सांगतो, कारण ते मला फार गमतीचं वाटतं. गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पेशी येऊन तो हळूहळू खाऊन टाकतात. आणि तुकडा गादीपासून जितका सुटून बाहेर पडलेला, तितका तो विरण्याचा संभव जास्त. नुसत्या फुगलेल्या गाद्या मात्र वर्षानुवर्षं तशाच राहतात. त्यामुळे फिल्म बघून ‘केवढी मोठी गादी बाहेर आलीय’ म्हणून कुणी घाबरवलं, तर तेवढ्यावर ऑपरेशन ठरवू नका. तुमची कळ दिवाळीपर्यंत थोडी उतरली आहे, ही चांगली खूण आहे.

एमआरआयच्या कागदाला आपण फारच मान देतो. अमेरिकेत १९९४ साली ज्यांची कंबर आयुष्यात कधी धड दुखली नव्हती अशा ९८ लोकांचा एमआरआय काढला, तर निम्म्याहून जास्त लोकांच्या एकतरी गादीला फुगवटा निघाला. आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आला’ हे वाक्य ऐकून माणसं जन्माची पेशंट होतात. तो ‘गॅप’ पन्नाशीतल्या बहुतेकांना असतो. फिल्मवरचं दबलेलं ठिकाण आणि पायात कळ जाते तो पट्टा जुळला, तरच त्या कागदाला किंमत. तुमचा जुळतो, हे खरं.

इथे तुमच्या महाडचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. विंचूदंशावरच्या कामाने जगात नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून १२०० रुपयांचा चेक आला, पेशंटला एमआरआयला पाठवल्याबद्दलचा. त्यांनी तो खिशात न घालता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. सगळेच तपास कमिशनसाठी होतात असं मी म्हणत नाही. पण ‘हा एमआरआय काढून माझ्या उपचारात काय बदलेल?’ असं विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे त्या चेकने दाखवून दिलं.

आता उरली कंबर. तिच्यासाठी स्क्रू-पट्ट्या घालून मणके जोडायचं मोठं ऑपरेशन कुणी सुचवलं तर जरा थबका. ब्रिटनमध्ये ३४९ जुनाट कंबरदुखीवाल्यांवर हे तपासून पाहिलं. २००५ साली निकाल आला : मणके जोडलेले आणि कसून व्यायाम घेतलेले यांच्यात दोन वर्षांनी फरक इतका थोडा, की ऑपरेशनचा खर्च आणि जोखीम त्यात भरून निघत नाही. मणका घसरलेला असेल, मोडलेला असेल, तर गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये नुसत्या जुनाट कंबरदुखीसाठी सल्ला दिला. त्यात नेमाने व्यायाम आणि दुखण्याची नीट समज यांना होकार आहे, आणि कमरेचा पट्टा व वजनं लावून ओढण्याला, म्हणजे ट्रॅक्शनला, चक्क नकार. मेडिकलमधून पट्टा आणला असेल आणि तो एसटीच्या प्रवासात बरा वाटत असेल तर बांधा. उपचार म्हणून दिवसभर बांधून ठेवू नका. पडून राहण्याचंही तेच. दोन दिवस ठीक. त्यापुढे चालतं-फिरतं राहणाराच लवकर सुधारतो. पायाची कळ अगदीच सोसवेना झाली तर मणक्यात शिरेजवळ इंजेक्शन देतात. त्याने काही आठवडे आराम पडतो, गादी जागेवर जात नाही.

पायाळूची लाथ नको. साधी उसण दोन-चार दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय लाथेला जातं. शिरेवर तुकडा बसलेला असताना कमरेत लाथ मारून घेणं म्हणजे धोका विकत घेणं.

जाता जाता तुमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. गड चढताना त्रास नाही, पण उतरताना पाय जड होतात, बधिर होतात आणि पायरीवर बसलं की बरं वाटतं, असं कुणी म्हणत असेल तर ते गुडघ्याचंच असेल असं धरून चालू नका. चढताना माणूस पुढे वाकतो आणि मणक्यातली वाट मोकळी होते. उतरताना मागे रेलतो आणि ती आवळते. हे निराळं दुखणं आहे. चालणं फर्लांगावर आलं असेल तर त्यात ऑपरेशनचा चांगला उपयोग होतो, सत्तरीतही.

‘ऑपरेशन केलं की उठत नाही’ हे गादीच्या साध्या ऑपरेशनला लागू नाही. छेद लहान असतो, पेशंट बहुधा दुसऱ्या दिवशी चालतो. जंतुसंसर्ग, शिरेला इजा, पुन्हा गादी सरकणं या जोखमी आहेत आणि सर्जनने त्या तोंडाने सांगितल्या पाहिजेत. तो सांगत नसेल तर केईएम किंवा ससूनच्या ओपीडीत दुसरं मत घ्या. खर्चासाठी रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला तुमच्या ऑपरेशनचं नाव यादीत दाखवायला सांगा.

माझं मत विचारलंत तर : अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी असेल तर आणखी सहा आठवडे महाडच्या डॉक्टरांचं ऐका, फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या आणि हंडा तेवढा दुसऱ्याला उचलू द्या. संक्रांतीलाही रात्रीची झोप मोडत असेल तर न घाबरता ऑपरेशन करून घ्या, पण होळीच्या आत. जड कामाला लागायला साधारण तीन महिने जातात. म्हणजे ६ जूनच्या राज्याभिषेकाच्या गर्दीला तुम्ही गडावर असाल आणि त्यानंतर लावणीलाही वाकता येईल.