आधी बिघाडाची वेळ पकड, मग पाना

लेकरा, आजपासून जीप तुझ्या हाती आणि ट्रॅक्टरही. दोन्ही जुने आहेत, पण मनापासून सांभाळलेस तर दोन्ही अजून बरीच वर्षं घर चालवतील. त्यासाठी एक गोष्ट आत्ताच कानात सांगून ठेवतो.

कायमचा बिघाड शोधणं सोपं असतं. गाडी उभी ती उभीच, तुटलेलं-फुटलेलं डोळ्यांना दिसतं. माणसाला खरं छळतो तो येऊन-जाऊन असणारा बिघाड. गेवराईतून निघताना गाडी छान पळते, बीडच्या बाजूला गढी गाव ओलांडलं की झटके खायला लागते, मग बंद पडते. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू. आणि मिस्त्रीच्या दारात नेली की काहीच नाही. अशा गाडीवर लोक अंदाजानं सामान बदलत बसतात. आधी फिल्टर, मग फीड पंप, मग नोझल, शेवटी मोठा इंजेक्शन पंप. पैसे जातात आणि बिघाड होता तिथंच राहतो.

म्हणून बिघाड कुठं आहे हे विचारण्याआधी तो कधी येतो हे विचार. असा बिघाड निमित्ताशिवाय येत नाही. उष्णता, हादरा, ओझं, ओल किंवा टाकीतल्या डिझेलची पातळी, यातलं एखादं निमित्त असतंच. ते सापडलं की शोधायची जागा एकदम लहान होते.

डॅशबोर्डात वही ठेव

गाडी अडली की बॉनेट उघडायच्या आधी वही उघड. इंजिन गार होतं की तापलेलं? टाकी किती भरलेली? गाडीत माणसं होती की रिकामी? रस्ता सपाट, चढाचा की खड्ड्यांचा? पाऊस होता का? परत किती वेळानं चालू झाली? अशा चार-पाच नोंदी एकाखाली एक आल्या की त्यातली कुठली गोष्ट दर वेळी सारखी आहे ते दिसतं. टाकी अर्ध्याखाली गेल्यावरच त्रास होतो असं दिसलं, तर नोझलला हात लावायचं कारण नाही. खड्ड्यातच होतो असं दिसलं, तर वायर नाहीतर ढिला जोड शोध.

सगळ्यात महत्त्वाचं लिहायचं ते इंजिन कसं बंद पडलं ते. बटण दाबल्यासारखं एका क्षणात थांबलं तर आधी विजेकडं बघ. धापा टाकत, झटके खात, रेस कमी होत होत थांबलं तर तेल किंवा हवा. हा नियम शंभर टक्के नाही, पण कुठून सुरुवात करायची ते सांगतो.

जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. ते हवा दाबून तापवतं आणि त्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. ज्या गाडीला बंद करायला ओढायची केबल आहे, ती एकदा चालू झाली की चालत राहायला तिला बॅटरी लागत नाही. तिथं विजेच्या मागं लागून दिवस घालवू नकोस. ज्या गाडीत चावी फिरवली की मोठ्या पंपावरचा सोलनॉइड डिझेल बंद करतो, तिथं मात्र सोलनॉइडच्या एका वायरीवर सगळं इंजिन अवलंबून असतं.

टाकीपासून सुरुवात कर

गाडी धापा टाकत बंद पडली की त्याच क्षणी उतरून टाकीचं झाकण उघड. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि झाकण ढिलं ठेवून गाडी नीट पळायला लागली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं आहे. डिझेल खाली जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर टाकीत पोकळी होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. आपल्याकडं काळ्या मातीचा फुफाटा, त्यात कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास उडणारे तंतू, यानं ते भोक सहज बुजतं. झाकण हरवलं म्हणून प्लास्टिक बांधून फिरणारेही पुष्कळ आहेत. तिथंही हाच बिघाड होतो. चिंधी कोंबली तर तिचे धागे टाकीत उतरतात.

धाग्यांचा खेळ असा, की टाकीतला कचरा तरंगत तरंगत ओढपाईपाच्या तोंडाशी येतो आणि चिकटतो. इंजिन बंद पडलं की ओढ संपते, कचरा सुटून खाली बसतो, दहा मिनिटांनी गाडी जशीच्या तशी चालू. पुढं काही किलोमीटरवर पुन्हा तेच. हा बिघाड फिल्टर बदलून जात नाही, कारण कचरा फिल्टरपर्यंत पोचतच नाही. टाकी उतरवून धुवावीच लागते.

शंका फिटत नसेल तर वेगळ्या कॅनवर गाडी चालवून बघ. विहिरीवरच्या इंजिनावर आमची पिढी डिझेल शिकली. पुण्याची किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची, आणि तसली इंजिनं गावागावांतल्या विहिरींवर वीज येण्याआधीपासून होती. त्यांची टाकी इंजिनाच्या वर, डिझेल स्वतःच्या वजनानं खाली यायचं. तेच इथं कर. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन उंचावर घट्ट बांध, नळी थेट फीड पंपाला जोड, रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोड. नळ्या सायलेन्सरपासून लांब ठेव. बिघाड नाहीसा झाला तर तो टाकीत किंवा टाकीपासूनच्या पाईपात आहे. तसाच राहिला तर फीड पंपात किंवा त्याच्या पुढं आहे. एका चाचणीत अर्धी गाडी शंकेतून सुटते. पेट्रोलच्या गाडीवर हा प्रयोग कधीही करायचा नाही. तापल्या इंजिनाजवळ उघडं पेट्रोल म्हणजे आगीला बोलावणं.

कोरडा पाईपही फसवतो

गळती म्हणजे थेंब दिसायलाच हवा असं समजू नकोस. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथला जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं. पण टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये ओढ असते. तिथं तडा गेला तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीनं नारळपाणी ओढून बघ, पाणी कमी आणि हवाच जास्त येते. पाईप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो आणि इंजिन एअर धरत राहतं. टाकी भरलेली असताना डिझेल फार वर ओढावं लागत नाही, त्रास कमी. पातळी उतरली की ओढ वाढते आणि हवाही वाढते. ट्रॅक्टरची टाकी बहुधा वरच्या अंगाला असते, म्हणून तिथं गळती थेंबानं दिसते. जीपची टाकी खाली, म्हणून तिथं लपते.

ओळखायचं असं. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी घाल आणि इंजिन रेसवर धर. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर हवा मागूनच येते आहे. मग एकेक जोड तपास. रबरी नळी वाकवून बघ, कडक होऊन चिरली असेल तर चिरा वाकवल्यावरच दिसतात. बँजो बोल्टखालची तांब्याची वायसरं पुन्हा पुन्हा वापरून कडक होतात आणि बसत नाहीत. रस्त्यात नवीन मिळालं नाही तर जुनं वायसर लाल होईपर्यंत तापवून गार कर, तांबं मऊ होतं. घरी आल्यावर नवीनच घाल.

एअर काढताना क्रम सोडू नकोस. आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट. फीड पंपाचा हातपंप मारत राहायचा आणि बुडबुडे थांबून नुसती धार आली की स्क्रू आवळायचा. एअर काढल्यावर गाडी दोन दिवस चालली आणि पुन्हा अडली, तर एअर काढणं हा इलाज नव्हता. हवा आत येण्याची वाट अजून उघडी आहे.

आणि हे कधी विसरू नकोस. नोझलच्या पाईपात डिझेल शंभर बारच्या वरच्या दाबानं येतं. इंजिन चालू असताना गळती बोटानं चाचपायची नाही. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठ.

पाणी, धूर आणि आवाज

पावसाळ्यात झटके वाढले तर डिझेलमध्ये पाणी बघ. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून काचेच्या बरणीत डिझेल घे आणि रात्रभर ठेव. पाणी जड, ते तळाला वेगळं बसतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर जमून खाली उतरते, म्हणून ओलीच्या दिवसांत टाकी संध्याकाळी भरून ठेव. ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर ट्रॅक्टर लांब जातो, तिथं बॅरलमधलं डिझेल वापरावं लागतं. बॅरल हलवल्या हलवल्या डिझेल काढू नकोस. बसू दे, वरचं घे, तळाचं सोड.

धूर वाचायला शीक. ओझ्याखाली काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल नीट फवारत नाही. आधी एअर क्लीनर उघड. ऑईलबाथ असेल तर तळाच्या तेलात मातीचा गाळ किती साचला बघ. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर आणि मिसिंग असेल तर एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न पेटता बाहेर पडतं आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतं आहे, तो वेगळा आजार.

कुठला सिलिंडर काम करत नाही ते असं शोध. इंजिन मंद चालू ठेव, नोझलच्या नटावर जाड फडकं धर, डोळ्यांवर चष्मा लाव आणि एकेक नट अर्धा आटा ढिला करून परत आवळ. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिनाचा आवाज पडतो. ज्याचा सोडून काहीच फरक पडत नाही, तोच आळशी. हे मिसिंग चालू असतानाच करायचं.

वायर, उंदीर आणि छोटा बल्ब

विजेची शंका असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थ पट्टी आधी साफ कर. मग गाडी चालू ठेवून वायरी एकेक करून हलव, सॉकेट स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं हळू ठोक. कुठल्या जागी इंजिन दचकतं ते कानानं धर. शेडमध्ये धान्य ठेवलं असेल तर उंदरानं कुरतडलेली वायर शोध. आतली तार अर्धी तुटलेली असली तरी वरून साबूत दिसते.

सोलनॉइडवाल्या गाडीला एक सोपा पहारेकरी बसवता येतो. सोलनॉइडच्या वायरीवरून एक बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोड, दुसरी तार अर्थला दे आणि बल्ब डॅशबोर्डवर दिसेल असा बांध. रोजची कामं करत राहा. गाडी बंद पडली त्या क्षणी बल्ब विझला असेल तर चावी, फ्यूज किंवा वायर. पेटलेला राहिला तर त्या वायरीला दोष देऊ नकोस, सोलनॉइड नाहीतर डिझेलचा मार्ग तपास.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत उष्णतेवर आधी संशय घे. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू असं होत असेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा पाईपात वाफ झालेलं पेट्रोल. मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे जास्त दिसतं. बंद पडल्या पडल्या ठिणगी तपास, गार झाल्यावर तपासून काही कळत नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. म्हणून जुन्या मोटारसायकलीची नळी वेळेवर बदल आणि पेट्रोल भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नकोस.

बिघाडाकडं आपण जायचं

दुकानात दोन मिनिटं इंजिन चालवून येऊन-जाऊन असणारा बिघाड सापडत नाही. मिस्त्रीला शेजारी बसव आणि ज्या रस्त्यावर, जेवढ्या ओझ्यानं, जेवढ्या डिझेलवर गाडी अडते तशीच चालव. शहागडच्या पुलाकडं जाताना अडत असेल तर तिकडंच ने. शनी अमावास्येला राक्षसभुवनला माणसं भरून नेतानाच अडत असेल तर रिकामी गाडी फिरवून काय कळणार?

एका वेळी एकच वस्तू बदल. तीन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी बरी झाली, तर कशानं बरी झाली ते कधीच कळणार नाही. काढलेला भाग फेकू नकोस. फरक पडला नाही तर तोच परत बसव. आणि मोठा पंप शेवटी. तो टेस्ट बेंचवर लावून, मापानं जुळवून सील केलेला असतो. टाकी, पाईप, फिल्टर, हवा आणि वीज निर्दोष ठरल्याशिवाय त्याला पाना लावू द्यायचा नाही.

हायवेवर गाडी अडली तर हे सगळं बाजूला ठेव. धुळे-सोलापूर रस्त्यावर रात्री भरधाव वाहनं येतात. गाडी डांबराच्या खाली घे, माणसांना उतरवून रस्त्यापासून लांब शेताच्या अंगाला उभं कर, लाल त्रिकोण बराच मागं ठेव, आणि गाडीच्या मागं कुणालाही उभं राहू देऊ नकोस. उसाची ट्रॉली असेल तर रिफ्लेक्टर आधीच लावलेले हवेत. टॉर्च, पाने, वायसरं, हातभर नळी, दोन क्लिपा, एक फिल्टर आणि तो बल्ब कायम सीटखाली ठेव.

बिघाड निघाला असं वाटलं तरी लगेच निर्धास्त होऊ नकोस. ज्या निमित्तानं तो यायचा ते निमित्त पुन्हा पुन्हा घडू दे. तीच पातळी, तेच ओझं, तेच ऊन. त्यात गाडी टिकली तर वहीत कारण लिही, तारीख घाल. उद्या तू नसताना तुझा भाऊ गाडी नेईल, परवा ती विकलीस तर दुसरा कुणी चालवेल. त्याच्या हातात वही दे. ज्याला बिघाडाची वेळ ठाऊक असते त्याला एकाच सामानाचे पैसे मोजावे लागतात, आणि मिस्त्रीसमोर तो गिऱ्हाईक म्हणून नाही, जाणकार म्हणून उभा राहतो.