गुडघ्यातलं वंगण आणि माझ्या चुका

कूर्चेच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यावर हायल्युरॉनिक आम्ल घालायचं आणि दाह वाढतो की उतरतो ते मोजायचं, यात माझी काही वर्षं गेली. शिकले ते बहुतेक चुकूनच.

१. नावाला भुलू नका.
सांध्यातलं वंगण म्हटल्यावर मी या रेणूकडे तेल म्हणूनच पाहायचे. पण कूर्चापेशीच्या अंगावर सीडी४४ नावाचा ग्राही असतो. तो हा रेणू पकडतो आणि पेशीच्या आत निरोप जातो.

२. साखळी केवढी, ते आधी विचारा.
निरोगी सांध्यात या रेणूची साखळी काही दशलक्ष डाल्टनची असते. इंटरल्यूकिन-१ घालून चिडवलेल्या पेशींना लांब साखळी दिली, की कूर्चा कुरतडणारी विकरं कमी होतात. तिचेच बारीक तुकडे मात्र दाह वाढवू शकतात. झिजलेल्या सांध्यात साखळ्या तुटत जातात; म्हणजे घरचाच माणूस फितूर होतो.

३. विरघळवताना घाई नको.
पाण्यात पडताच या पावडरीच्या चिकट गाठी होतात. वैतागून मी एकदा भांडं ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवलं. द्रावण झटपट पातळ झालं, मी खूश! साखळ्याच तुटल्या होत्या. आता रात्रभर थंडीत हलकेच ढवळत ठेवते.

४. शोध लागला असं वाटलं, की आधी बाटली तपासा.
एका नमुन्यानं पेशी भलत्याच भडकल्या. करामत रेणूची नव्हती. पावडरीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन होतं.

५. पेशी अजून कूर्चेच्याच आहेत ना?
प्लॅस्टिकवर काही पिढ्या काढल्या की त्या चपट्या होतात आणि दोन नंबरचं कोलॅजेन सोडून एक नंबरचं बनवू लागतात. माझा एक अख्खा पावसाळा असल्या बहुरूप्यांवर गेला.

६. बशी म्हणजे गुडघा नव्हे.
आईनं विचारलं, "ते वंगणाचं इंजेक्शन घेऊ का गं?" मी म्हटलं, "मोठ्या चाचण्यांत सरासरी फायदा थोडाच दिसतो. डॉक्टरांशी बोल, पण मांडीचे व्यायाम सोडू नकोस."
"मग इतकी वर्षं तू केलंस काय?"
"विरघळायला वेळ लागतो, आई."