डिझाईनचा डिप्लोमा मोठा की विद्यापीठाची पदवी?



दोन वर्षांपूर्वी आमच्याच वस्तीतील एक मुलगी शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी माझ्या काउंटरवर आली. दहावीनंतर तिने एका खासगी संस्थेत तीन वर्षांचा इंटिरियर डिझाईनचा कोर्स केला होता. हात उत्तम, नोकरीही लागलेली. आता तिला एम.डेस. करायचे होते. "आमचा डिप्लोमा पदवीच्या तोडीचा आहे," असे प्रवेशाच्या वेळी संस्थेने सांगितले होते. प्रवेश परीक्षेचे माहितीपत्रक आम्ही दोघांनी वाचले आणि तिचा चेहरा उतरला. त्या तीन वर्षांच्या जोरावर तिला अर्जच भरता येत नव्हता.

म्हणून थोडे स्पष्टीकरण.

डिप्लोमा म्हणजे हलका आणि पदवी म्हणजे भारी, हा समज चुकीचा आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था (एन.आय.डी.) 1961 साली सुरू झाली आणि अनेक दशके ती डिप्लोमाच देत असे. तरीही तिच्या विद्यार्थ्यांना देशभर मान होता. मात्र उच्च शिक्षणात कागदाला महत्त्व असते. 2014 च्या कायद्याने या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. फॅशन तंत्रज्ञानाच्या 'निफ्ट' या संस्थेला तो 2006 च्या कायद्याने मिळाला होता. एवढ्या नामवंत संस्थांनाही पदवीची गरज भासली, हे लक्षात घ्यावे.

तेव्हा कोर्सचे नाव पाहून भुलू नका. तीन प्रश्न विचारा : प्रवेश दहावीनंतर की बारावीनंतर? कोर्स किती वर्षांचा? आणि प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा?

उदाहरण म्हणून आय.आय.टी. मुंबईतर्फे दरवर्षी होणारी 'सीड' परीक्षा घेऊ. अनेक नामांकित संस्थांतील एम.डेस.चा प्रवेश तिच्यावर होतो. तिला बारावीनंतरची किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका लागते. म्हणजे योग्य डिप्लोमा असेल तर दार उघडे आहे. आपल्याकडील जी.डी. आर्ट ही दहावीनंतर पाच वर्षांची शासकीय पदविकाही चालते, मात्र सोबत एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव हवा. परंतु नुसते दहावी अधिक तीन वर्षे चालत नाही. उलट साधा बी.ए. झालेला विद्यार्थीही या परीक्षेला बसू शकतो. वयाची अट नाही, कितीही वेळा बसता येते. पुढे प्रवेशासाठी प्रत्येक संस्थेच्या जादा अटी असतात, त्या वेगळ्या पाहाव्यात.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि लवकर कमवायचे असेल तर आय.टी.आय. किंवा तंत्रनिकेतनाचा मार्ग वाईट मुळीच नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्यांना तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. चित्रकलेची आवड असेल तर एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा शाळेतच द्याव्यात. बारावीनंतर बी.एफ.ए. करायचे असल्यास राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते.

आणखी दोन गोष्टी पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेच्या मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. फी भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र मागून पाहावे, तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दुसरी, राज्यसेवा असो की बँकेतील लिपिकाची परीक्षा, तेथे पदवी विचारतात. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. बी.ए. करून काय होणार, असे मलाही लोक म्हणत. त्याच कागदावर मला परीक्षेला बसता आले.

त्या मुलीने हातपाय गाळले नाहीत. 17 नंबरचा फॉर्म भरून ती बारावी झाली. आता नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे. ती 'सीड'ला बसेलच. पण मधली वर्षे वाचली असती, केवळ कोणीतरी वेळेवर तीन प्रश्न विचारायला हवे होते.

आपल्या घरात शिकणारी ही बहुधा पहिली किंवा दुसरी पिढी. विचारायला घरात कोणी नसते. म्हणून संस्थेच्या सुशिक्षित सभासदांना विनंती आहे की, दरवर्षी निकालानंतरच्या एका रविवारी मुलांची माहितीपत्रके त्यांच्यासोबत बसून वाचावीत. हुनर हाताला पोट देतो, पदवी पुढचे दार उघडते. आपल्या मुलांना दोन्ही मिळावे, हीच अपेक्षा.