वॅटमीटरच्या मागणीपत्राआधी

अगं, वनखात्याच्या गाड्यांतल्या वायरलेससाठी वॅटमीटर घ्यायचाय आणि मागणीपत्र साहेबांनी तुला लिहायला सांगितलं, हे कळलं. छान झालं. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नुसतं ‘पॉवर मीटर’ टाकशील तर विजेच्या बिलाची मीटरं समोर येतील बघ, तेव्हा आधी माझे चार शब्द ऐकून घे.

गाडीतला सेट नीट बोलत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय सेटवर. बिचारा खोलून दुरुस्तीला जातो, महिना-महिना येत नाही. खोट मात्र पुष्कळदा छतावरच्या अँटेनात, केबलच्या टोकाला नाहीतर बॅटरीच्या वायरीत असते. ती कुठे आहे ते मीटर सांगतो. आणि हे चैनीचं काम नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, वणव्याच्या दिवसांत बोलेरो अशा नाल्यात उतरते की मोबाइलला एक काडी दिसत नाही, ब्रह्मपुरीकडे गावाशेजारी वाघ बसलेला असतो आणि भोवती गर्दी जमते. अशा वेळी ‘तुमचा आवाज तुटतोय, परत सांगा’ हे वाक्य फार महाग पडतं.

निवड करताना सुरुवात दुकानातून करू नकोस, सेटच्या पाठीवरच्या पाटीपासून कर. गाडीतले व्हीएचएफ सेट बहुधा १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, आणि पॉवर साधारण २५ वॅट. मीटर याच पट्ट्यातला हवा. २७ मेगाहर्ट्झच्या सीबी रेडिओसाठी बनवलेली स्वस्त मीटरं दिसायला हुबेहूब असतात, काटाही ऐटीत हलतो, पण १५० मेगाहर्ट्झवर ती काहीही आकडा सांगतात. चांगल्या नावाच्या मीटरचाही पट्टा वाचावाच लागतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी वापरतात तो डायमंडचा एसएक्स-४०० किंवा डायवाचा सीएन-१०३ सुरू होतो १४० मेगाहर्ट्झपासून. भारतातल्या हॅमवाल्यांचा पट्टा १४४ ते १४६, त्यांचं भागतं. तुमचा चॅनल १४० च्या खाली असेल तर तो मीटर तुमचा नाही. एसएक्स-२०० हा १.८ ते २०० पर्यंत जातो, तो बसेल.

आता वॅटचं. इथे सगळे फसतात. मोठा आकडा म्हणजे मोठा मीटर, असं वाटतं ना? उलटं आहे. मीटरची चूक बहुतेक वेळा पूर्ण स्केलच्या टक्क्यांत दिलेली असते. नावाजलेला बर्ड ४३ घे, त्याची अचूकता पूर्ण स्केलच्या ५ टक्के. म्हणजे ५०० वॅटच्या स्केलवर चूक २५ वॅटची, आणि तुझा अख्खा सेटच २५ वॅटचा! काटा शून्यापाशी थरथरेल आणि तू चष्मा पुसत बसशील. पुढे जाणारी पॉवर बघायला ३० किंवा ५० वॅटचं स्केल पुरे.

आणि परत येणारी? खरी गंमत तिथे आहे. अँटेना जुळलेली नसेल तर काही पॉवर केबलमधून उलट सेटकडे येते. अँटेना किती जुळली आहे त्याचं माप म्हणजे एसडब्ल्यूआर. तो दीड असेल तर ४ टक्के परत येते, म्हणजे २५ तला १ वॅट. दोन असेल तर ११ टक्के, पावणेतीन वॅटच्या आसपास. तीन झाला की चौथा हिस्सा, सव्वासहा वॅट. तेव्हा सेटच स्वतःला वाचवायला पॉवर कमी करतो. हा एक-दोन वॅटचा फरक दिसायला ५ वॅटचं स्केल लागतं. बर्ड ४३ मध्ये त्यासाठी वेगवेगळे एलिमेंट खोचतात: १०० ते २५० मेगाहर्ट्झसाठी २५ वॅटचा ‘२५सी’, ५ वॅटचा ‘५सी’. मीटर अस्सल, पण एलिमेंट वेगळे विकत घ्यावे लागतात. मागणीपत्रात नुसता मीटर लिहिलास तर रिकामं डबडं येईल, आणि पुढचं बजेट पुढच्या मार्चला.

माझं मत विचारशील तर एका वनपरिक्षेत्राला, म्हणजे रेंजला, बर्ड नको. दोन काट्यांचा साधा मीटर घे, एक काटा जाणारी पॉवर दाखवतो, दुसरा परतणारी, दोघं जिथे छेदतात तिथे एसडब्ल्यूआर. बटणं फिरवायची भानगड नाही. डिजिटल छान दिसतो, पण मे महिन्यात चंद्रपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलीस तर त्याचा पडदा काळाठिक्कर पडतो, आणि नेमकं लागेल तेव्हा चार्जिंग नसतं. ‘पीईपी’, म्हणजे शिखराची पॉवर, मोजतो म्हणून कुणी चढा भाव सांगितला तर नमस्कार कर. आपण एफएमवर बोलतो. तिथे पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यापासून सोडेपर्यंत पॉवर एकसारखीच असते, शिखर मोजायला शिखर हवं ना!

वाचलेल्या पैशात डमी लोड घे. ५० ओहमचा, ५० वॅटचा. हा मीटरपेक्षा कमी नाही. अँटेना काढून त्याच्या जागी हा लावला की सेट आणि अँटेना यांचं भांडण वेगळं होतं. डमी लोडवर २५ वॅट आले तर सेट निर्दोष. १२ च आले तर आधी बोलताना व्होल्टेज बघ. इंजिन चालू असताना १३.८ च्या आसपास हवं. असा सेट बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. बारीक वायरीवर ते व्होल्टेज तिथेच गळतं, आणि आपण सेटला शिव्या देतो. मीटरपासून सेटपर्यंतची हातभर केबल आणि तुमच्या सेटला बसणारे कनेक्टर, हेही यादीत लिही. पीएल, एन की बीएनसी ते स्वतः बघून लिही, दुसऱ्याच्या आठवणीवर विसंबू नकोस.

मोजायला गाडी मोकळ्या पटांगणात घे. टिनाच्या शेडखाली घेतलेला आकडा शेडचा असतो. पाव तरंगलांबीची अँटेना, १५० मेगाहर्ट्झवर अर्ध्या मीटरच्या आसपास, तिला खाली पत्र्याचं छत लागतं. बोलेरोच्या छताच्या मध्यभागी ती खूश असते. तीच अँटेना सफारीच्या उघड्या जिप्सीवर, लोखंडी नळीला क्लँप करून लावली की एसडब्ल्यूआर वर उडतो. मग कुणी तिची काडी कापत बसतं. काडी कापू नकोस, तिथे अर्ध्या तरंगलांबीची अँटेना माग. रिपीटरवर कुणी बोलत नाही हे ऐकून, स्वतःचा कॉल सांगून, दोन-तीन सेकंदच दाब. अँटेनाला त्या वेळी कुणी हात लावलेला नको.

आता एक चकवा, तो कुणी सांगत नाही. आकडा फार सुंदर आला तर संशय घे. आरजी-५८ ची पाच मीटर केबल या फ्रीक्वेन्सीवर जवळपास पाचवा हिस्सा पॉवर खाते. जाताना खाते, परत येतानाही खाते. म्हणून अँटेनापाशी तीन असलेला एसडब्ल्यूआर सेटपाशी सव्वादोन-अडीचच दिसतो. पावसाळ्यात केबलीत पाणी शिरलं की ती आणखी खाते, आणि मीटर म्हणतो, वा, उत्तम! ताडून बघायचं असेल तर सेट लो पॉवरवर घे, छतावरची काडी उघडून ठेव आणि क्षणभर दाब. काडीशिवाय एसडब्ल्यूआर भडकायलाच हवा. नाही भडकला तर केबल बदल, अँटेनाला हात लावू नकोस.

हो, आणि मीटर गाडीत कायमचा जोडून ठेवायचा आग्रह कुणी धरला तर ऐकू नकोस. आलापल्ली-भामरागडच्या धक्क्यांत जोड सैल होतात आणि मीटरच खोट बनतो. तो ऑफिसच्या कपाटात ठेव, प्रत्येक गाडी महिन्यातून एकदा त्याच्यासमोर आण, आणि वहीत गाडी नंबर, व्होल्टेज, जाणारे वॅट, परतणारे वॅट लिहीत जा. मागणीपत्र लिहून झालं की पाठवण्याआधी मला दाखव, पट्टा आणि स्केल बरोबर लिहिलंयस का एवढंच बघते.