वाकड्या रेणूंची शिस्त

शाळेतील संगणकाचा पडदा असो वा कार्यालयातील गणकयंत्राची काच, त्यांवर उमटणारे आकडे व अक्षरे बहुधा द्रव स्फटिकांच्या साहाय्याने दिसत असतात. द्रवाप्रमाणे वाहणारा, पण स्फटिकाप्रमाणे अंतर्गत शिस्त पाळणारा हा पदार्थ १८८८ साली प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांच्या नजरेस आला. त्यांच्याजवळील एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकाएकी नितळ झाला. एका पदार्थाला जणू दोन वितळणबिंदू! त्या गढूळपणातच द्रव स्फटिक दडलेला होता.

द्रव स्फटिकाच्या अनेक अवस्थांपैकी सर्वांत साधी ती नेमॅटिक. सूक्ष्मदर्शकाखाली तीत धाग्यांसारख्या रेषा दिसतात, म्हणून फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यांनी १९२२ मध्ये धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला हे नाव दिले. पुराच्या पाण्यात लाकडे प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन वाहतात, तसे यातील कांडीसारखे रेणू साधारणपणे एका दिशेला तोंड करून असतात. कोण कोठे असावा, यावर मात्र कोणतेही बंधन नसते. ही शिस्त मोजण्यासाठी एक संख्या वापरतात. पूर्ण शिस्तीला १, पूर्ण गोंधळाला ०. नेमॅटिक अवस्थेत ती या दोहोंच्या मध्ये राहते आणि उष्णता वाढवीत नेल्यास कमी होत जाते.

द्रव स्फटिक होण्यास रेणू कांडीसारखाच हवा, असा समज दीर्घकाळ होता. तो १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मोडला. नागपूर विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेतलेले प्रा. शि. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी तबकडीच्या आकाराचे रेणूही द्रव स्फटिक बनवितात, हे दाखवून दिले. मधोमध वाकलेल्या रेणूंकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते १९९६ नंतर, जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगांमुळे.

इंग्रजी भाषक शास्त्रज्ञ या रेणूंना केळ्याची उपमा देतात, आणि ती येथे उपयोगाचीही आहे. सरळ कांडी स्वतःभोवती कशीही फिरली तरी तिच्यात फरक दिसत नाही. म्हणून तिच्या शिस्तीला एकच दिशा पुरते. केळ्याचे तसे नाही. त्याला लांबी आहे, शिवाय बाकाची दिशाही आहे. फणीतील केळी जशी एकाच बाजूला वळलेली असतात, तसे द्रवातील सर्व रेणू लांबीने समांतर राहून बाकाचे प्रतलही जुळवू लागले, तर शिस्तीच्या दिशा दोन होतील. ही ‘द्विअक्षीय’ अवस्था शक्य आहे, असे गणित १९७० मध्ये मांडले गेले होते. तिचे आकर्षण केवळ सैद्धांतिक नव्हते. संपूर्ण रेणू आडवा करण्यापेक्षा त्याला लांबीच्या आसाभोवती किंचित वळविणे लवकर होते. म्हणजे पडदेही अधिक चपळ होऊ शकतील, अशी आशा होती.

२००४ साली अमेरिकेतील दोन गटांनी ही अवस्था सापडल्याचे जाहीर केले. त्यांचे वाकडे रेणू २०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेमॅटिक होत. क्ष-किरणांच्या छायाचित्रात चार ठिपके उमटले, आणि त्यांचा अर्थ द्विअक्षीय शिस्त असा लावला गेला. परंतु लवकरच शंका उपस्थित झाल्या. द्रवात ठिकठिकाणी थोड्याशा रेणूंचे तिरप्या थरांचे लहान पुंजके बनत असतील, तरी तसेच चार ठिपके उमटतात. पुंजक्याच्या आत बाक जुळलेले, पण एक पुंजका दुसऱ्याशी जुळलेला नाही, अशा स्थितीत संपूर्ण द्रव एकाक्षीयच राहतो. गावातील प्रत्येक आळी आपापल्या परीने सरळ असावी आणि गावाला मात्र एकही सरळ रस्ता नसावा, तसा हा प्रकार होय. प्रयोगात दिसलेली खूण आणि तिचा लावलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गात सांगावे असे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. पुंजक्यांचे स्पष्टीकरण पुढे बहुतेक अभ्यासकांना अधिक पटले.

वाकड्या रेणूंनी एक निराळेच दान मात्र पदरात टाकले. सर्व रेणू एकाच बाजूला वाकत गेले तर जागा सारखी भरता येत नाही. यावर तोड म्हणून ते मळसूत्रासारखे वळत जातील, असे भाकीत होते. २०१३ मध्ये झटपट गोठविलेल्या नमुन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे मळसूत्र प्रत्यक्ष दिसले. त्याचा एक फेरा सुमारे ८ नॅनोमीटरचा, म्हणजे मोजक्या रेणूंच्या लांबीएवढा. विशेष हे की, रेणूला स्वतःला डावे-उजवेपण नसते. तरी काही भागांत मळसूत्र डावे, तर काहींत उजवे फिरते. या प्रयोगांतील रेणू म्हणजे दोन ताठ कांड्या व त्यांना जोडणारी सात कार्बन अणूंची लवचिक साखळी. सातच्या जागी सहा अणू घातले की रेणू जवळजवळ सरळ होतो आणि मळसूत्र नाहीसे होते.