तार सोलण्याच्या साधनाची निवड
वाराणसीतील घरांत 230 व्होल्टची वीज येते. तेथील रस्त्यांवर धावणाऱ्या ई-रिक्षांत मात्र बहुधा 48 व्होल्टची बॅटरी असते. त्यामुळे 480 वॉट शक्तीसाठी घरात सुमारे 2 अँपिअर, तर रिक्षात 10 अँपिअर प्रवाह वाहतो. वाहनाच्या तारेत तांब्याचे अनेक बारीक तंतू असतात. वेष्टन सोलताना काही तंतू कापले गेले, तर उरलेल्यांवर भार पडून तो भाग तापतो व हादऱ्यांनी तुटतो. म्हणून ज्याची खाच तारेच्या मापाशी तंतोतंत जुळते, असाच वायर स्ट्रिपर घ्यावा. खाचेवरील आकडा चौरस मिलिमीटरचा की अमेरिकी गेजचा, हे प्रथम पाहावे. गेजचा आकडा वाढतो, तशी तार बारीक होते. सोलण्यापूर्वी वीजपुरवठा अवश्य बंद करावा.