दोऱ्याचा गुंडा आणि मक्याचा राजवाडा

(अमेरिकेच्या मध्यभागात शेकडो लहान गावे आहेत. आपले गाव लोकांनी विसरू नये, म्हणून तेथील काही गावांनी गमतीदार युक्त्या केल्या आहेत. या पाठात अशा पाच गावांची सफर घडवली आहे.)

मुलांनो, सुट्टीत तुम्ही कोठे जाता? कोणी आजोळी जातो, कोणी समुद्र पाहायला जातो. अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी साधारणपणे जून ते ऑगस्ट या काळात असते. तेव्हा अनेक कुटुंबे मोटारीत सामान भरतात आणि लांबच्या सफरीला निघतात. आज आपणही निघू या. आपल्याला मोटार नको आणि पेट्रोलही नको. फक्त अमेरिकेचा नकाशा उघडा आणि त्यावर बोट ठेवा.

नकाशाच्या वरच्या अर्ध्या भागात, मधोमध, बारा राज्ये दिसतील. या भागाला 'मिडवेस्ट' म्हणतात. येथील बरीच जमीन सपाट आहे. रस्ता सरळ जातो आणि दोन्ही बाजूंना मका व सोयाबीनची शेते दिसतात. मधूनच धान्याचे एखादे उंच कोठार दिसते. मग पाण्याची टाकी दिसते. टाकीवर मोठ्या अक्षरांत गावाचे नाव लिहिलेले असते. गाव येते आणि बघता बघता मागे पडते.

अशा रस्त्यावर मागच्या सीटवरची मुले कंटाळतात. आपण प्रवासात भेंड्या खेळतो. तिकडची मुले इतर गाड्यांच्या नंबरप्लेट पाहतात. प्रत्येक राज्याची नंबरप्लेट वेगळी असते. सर्वांत जास्त राज्ये जो शोधून काढतो, तो जिंकतो.

परंतु रस्त्याकडेच्या त्या गावांचे काय? पूर्वी शेतीसाठी पुष्कळ माणसे लागत. त्यांच्यामुळे गावातला बाजार भरत असे. पुढे मोठी यंत्रे आली. दहा माणसांचे काम एक माणूस करू लागला. तरुण मुले नोकरीसाठी शहरात गेली. १९५६ साली अमेरिकेत मोठ्या महामार्गांचा कायदा झाला. नवे रुंद रस्ते अनेक गावांच्या बाहेरून गेले. गाड्या भरधाव जाऊ लागल्या, पण गावात कोणी थांबेना. दुकाने एकामागून एक बंद होऊ लागली. आता जाणाऱ्याला थांबवायचे कसे, असा प्रश्न या गावांपुढे उभा राहिला. त्यांनी त्याचे उत्तर कसे शोधले, ते पाहू.

आपला पहिला मुक्काम इलिनॉय राज्यातील केसी या गावी आहे. येथे सुमारे अडीच हजार लोक राहतात. गावाजवळून मोठा महामार्ग जातो. गावातील एक व्यावसायिक जिम बोलिन यांनी विचार केला, की गावात असे काही उभारू, की ते पाहायला लोकांनी महामार्ग सोडून आत यावे. २०११ साली त्यांनी वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्यांचे एक प्रचंड झुंबर उभे केले. त्याची उंची सुमारे ५५ फूट आहे. वारा नसला तरी चिंता नाही. दोरी ओढा, म्हणजे ते घणघणते! नंतर गावात ५६ फुटांहून उंच अशी डुलणारी खुर्ची आली. तिच्यावर बसायला कोणी राक्षसच हवा! एक टपालपेटी तर एवढी मोठी आहे, की जिना चढून आपणच आत जातो. जणू आपणच पत्र! गावात फिरताना आपण मुंगीएवढे झालो आहोत असे वाटते.

केसीहून वायव्येला निघा. मिनेसोटा राज्यात डार्विन नावाचे चिमुकले गाव आहे. येथे एक मोठा गुंडा राहतो. घाबरू नका! उर्दूत गुंडा म्हणजे दांडगाई करणारा माणूस. मराठीत त्याला 'गुंड' म्हणतात. मराठीत 'गुंडा' म्हणजे दोऱ्याचा किंवा लोकरीचा गोळा. डार्विनचा गुंडा सुतळीचा आहे. तिकडे गवताचे गठ्ठे बांधायला घायपाताच्या वाखाची सुतळी वापरत असत. गठ्ठा सोडला, की सुतळीचा तुकडा उरे. फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या माणसाने १९५० साली हे तुकडे जोडून गुंडाळायला सुरुवात केली. त्याने हे काम एकट्याने २९ वर्षे केले. गुंडा एवढा जड झाला, की तो फिरवण्यासाठी जॅक लावून उचलावा लागे. त्याची रुंदी १२ फूट झाली आणि वजन जवळजवळ ७,९०० किलो भरले. म्हणजे साधारण दोन हत्तींएवढे! आज हा गुंडा पारदर्शक भिंतींच्या एका मंडपात ठेवला आहे. एका माणसाने एकट्याने केलेला एवढा मोठा गुंडा दुसरा नाही, असे डार्विनचे लोक अभिमानाने सांगतात. 'एकट्याने' हा शब्द ते मुद्दाम सांगतात. त्याचे कारण पुढे कळेल.

आता नैर्ऋत्येला चला. साउथ डकोटा राज्यातील मिचेल हे गाव येते. याला गाव म्हणण्यापेक्षा लहान शहर म्हणणे बरे. भर वस्तीत एक इमारत दिसते. तिच्यावर घुमट आणि मिनार आहेत. पाहणाऱ्याला वाटते, की आपण पूर्वेकडच्या एखाद्या देशात आलो. जवळ जाऊन भिंती पाहा. त्या भिंतींवर मोठमोठी चित्रे आहेत, पण ती रंगांनी काढलेली नाहीत. पिवळी, लाल, निळसर, काळी अशी नैसर्गिक रंगांची मक्याची कणसे उभी चिरून भिंतीवर ठोकलेली आहेत. हा मक्याचा राजवाडा!

हा राजवाडा प्रथम १८९२ साली बांधला. आमची जमीन सुपीक आहे, येथे येऊन राहा, असे दूरच्या शेतकऱ्यांना सांगायचे होते. शब्दांनी सांगण्यापेक्षा त्यांनी पीकच भिंतीवर लावले. आजची इमारत १९२१ सालची आहे. घुमट व मिनार १९३७ साली चढले. आतल्या सभागृहात बास्केटबॉलचे सामने आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. बहुतेक दरवर्षी जुनी कणसे काढून नवी चित्रे लावतात. त्यासाठी दोन लाखांहून अधिक कणसे लागतात. मधल्या काळात पक्षी येऊन भिंती खातात! २००६ साली कडक दुष्काळ पडला. त्या वर्षी नवी सजावट करता आली नाही. राजवाडा झाला तरी त्याचे भाग्य पावसाच्याच हाती आहे.

मिचेलहून पश्चिमेला सुमारे ३५० किलोमीटर गेले, की वॉल हे गाव येते. वाटेत एक गंमत होते. घड्याळ एक तास मागे घ्यावे लागते. अमेरिका एवढी रुंद आहे, की तिच्या वेगवेगळ्या भागांत वेळ वेगळी असते. समजा, तुमच्या घड्याळात पाच वाजले आहेत. रेषा ओलांडली, की चारच वाजलेले असतात. खेळायला एक तास फुकट मिळाला!

वॉलची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३१ साली टेड हस्टेड यांनी येथे औषधांचे दुकान विकत घेतले. ते दिवस मंदीचे आणि दुष्काळाचे होते. लोकांच्या हाती पैसा नव्हता. पाच वर्षे प्रयत्न करू, नाही जमले तर गाव सोडू, असे पतिपत्नींनी ठरवले. बघता बघता पाच वर्षे संपत आली. १९३६ सालचा उन्हाळा होता. टेड यांची पत्नी डोरोथी दुपारी झोपायला गेली, पण रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजाने तिला झोप येईना. तिच्या मनात आले, 'एवढ्या उन्हात या लोकांना काय हवे असेल? गार पाणी!' दुकानात बर्फही होता आणि पाणीही होते.

टेड यांनी रस्त्याच्या कडेला पाट्या लावल्या : बर्फाचे पाणी फुकट मिळेल. ते दुकानात परत आले, तोवर पाणी पिणारे लोक येऊ लागले होते. पाणी पिऊन झाले, की कोणी आइस्क्रीम घेई, तर कोणी पुढचा रस्ता विचारी. पुढच्या उन्हाळ्यात दुकानात आठ मुली कामाला ठेवाव्या लागल्या. आज हे दुकान म्हणजे एक मोठा बाजारच आहे. तेथे ८० फूट लांबीचा खोटा डायनासोरही आहे. पण गार पाणी अजूनही फुकट मिळते. आपल्याकडे पाणपोई असते. तुम्ही तिला सबील म्हणता. तहानलेल्याला पाणी देणे चांगले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. वॉलमध्ये त्याच पाण्याने एक घर सावरले आणि सारे गाव नावारूपाला आले.

आता शेवटचा मुक्काम. आग्नेयेला चला आणि कॅन्सस राज्यातील कॉकर सिटी गाठा. नावात 'सिटी' असली, तरी येथे पाचशे माणसेही नाहीत. गावात एक उघडा मांडव आहे. मांडवाखाली काय आहे, ओळखा पाहू! होय, आणखी एक गुंडा! फ्रँक स्टोबर या शेतकऱ्याने १९५३ साली तो गुंडाळायला सुरुवात केली. १९६१ साली त्याने तो गावाला देऊन टाकला. १९७४ साली स्टोबर वारला, पण गुंडा वाढायचा थांबला नाही. दरवर्षी ऑगस्ट महिन्यात गावकरी जमतात, जेवतात, गप्पा मारतात आणि गुंड्यावर सुतळी गुंडाळतात. आज त्याचे वजन डार्विनच्या गुंड्याहून जास्त आहे. म्हणूनच डार्विनचे लोक 'एकट्याने' हा शब्द विसरत नाहीत! कॉकर सिटीचे लोक म्हणतात, आमचा गुंडा सगळ्यांनी मिळून केला आहे.

गेल्या साठ वर्षांत कॉकर सिटीची लोकसंख्या घटत गेली, गुंडा मात्र वाढत गेला. एका गुंड्याने गेलेली माणसे परत येत नाहीत, हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. पण दुरून आलेला प्रवासी घटकाभर थांबतो, हसतो आणि गावाचे नाव लक्षात ठेवतो. वर्षातून एकदा सारे गाव एकत्र येते. ज्या गावाला एकत्र बसून हसता येते, ते गाव सहजासहजी हरत नाही.

तुम्ही येथे कधी आलात, तर तुम्हालाही सुतळीचा तुकडा मिळेल. तो गुंड्याला बांधा आणि गुंड्याभोवती एक फेरी मारा. मग जगातल्या त्या अवाढव्य गुंड्यात थोडासा भाग तुमचाही असेल.

शब्दार्थ
आजोळ – आईच्या आईवडिलांचे घर
कोठार – धान्य साठवण्याची जागा
गठ्ठा – एकत्र बांधलेला ढीग
वाख – घायपाताच्या पानांपासून निघणारे धागे
सुपीक – भरपूर पीक देणारी
मंदी – व्यापार थंडावण्याचा काळ
नावारूपाला येणे – प्रसिद्ध होणे
घटकाभर – थोडा वेळ
अवाढव्य – फार मोठा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मिडवेस्टमध्ये किती राज्ये आहेत?
(आ) मक्याचा राजवाडा कोणत्या गावात आहे?
(इ) २००६ साली राजवाड्याची नवी सजावट का झाली नाही?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मिडवेस्टमधील लहान गावांतली दुकाने का बंद होऊ लागली?
(आ) डोरोथीला कोणती युक्ती सुचली? तिचा परिणाम काय झाला?
(इ) डार्विन व कॉकर सिटी येथील गुंड्यांत काय फरक आहे? तुम्हाला कोणता जास्त आवडला? का?

३. दिशा लिहा.
(अ) केसीहून डार्विन – ______
(आ) मिचेलहून वॉल – ______
(इ) वॉलहून कॉकर सिटी – ______

४. भाषेची गंमत
'सफर', 'दुकान', 'नकाशा', 'मिनार' हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. पण उर्दूत 'सफर' पुल्लिंगी आहे, तर मराठीत आपण 'ती सफर' म्हणतो. उर्दूत 'दुकान' स्त्रीलिंगी आहे, तर मराठीत 'ते दुकान' म्हणतो. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांचे मराठीतील लिंग शिक्षकांना विचारून लिहा.

५. उपक्रम
तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात प्रवाशाने थांबून पाहावे असे काय आहे? काही नसेल, तर सर्वांनी मिळून काय तयार करता येईल? वर्गात चर्चा करा आणि आठ-दहा ओळी लिहा.